मारबतीचं तोंड

कागद पुरता वाळला, मुकुंदानं त्यावरचं मीठ हाताच्या कडेनं झटकलं. मारबतीच्या धडावर त्याच्या आईचं तोंड होतं.

मारबत म्हणजे काय, हे नागपूरबाहेरच्या माणसाला सांगावंच लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं बांबूच्या कामट्यांची, कागदाची नि कापडाची एक भलीमोठी बाई करतात. एक पिवळी असते, एक काळी असते. पिवळीला लोक मानतात, तान्ही लेकरं तिच्या पायाशी नेऊन घालतात. काळी ती काळीच. तिला रस्त्यारस्त्यानं मिरवतात आणि सगळं शहर घसा फाटेस्तोवर ओरडतं, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’. खोकला, हगवण, महागाई, सावकार, ज्याला जे नको असेल ते तिच्या पदरात टाकायचं, तिला शिवेबाहेर न्यायचं, जाळायचं आणि हातपाय धुऊन घरी येऊन जेवायला बसायचं. त्या बिचारीनं कोणाचं काय बिघडवलं होतं, हे अजून कोणी विचारलेलं नाही. आणि एखादी बाई काळी असली, भसाड्या आवाजाची असली, चारचौघांत तोंड टाकणारी असली, की नागपुरात तिला लोक मागून काय म्हणतात तेही सांगून टाकतो. मारबत म्हणतात.

मुकुंद एका शाळेत ड्रॉइंगचा मास्तर होता. पाण्याच्या रंगांवर त्याचा जीव. बाकीचे चित्रकार मित्र कधीच तेलरंगाकडे वळले होते, कारण तेलरंगात चूक झाली तर वर आणखी रंग थापून झाकता येते. पाण्याच्या रंगात ती सोय नाही. केलेलं सगळं कागद लक्षात ठेवतो. मुकुंदाला हेच आवडायचं, असं तो म्हणायचा. त्या दिवसापर्यंत म्हणायचा.

मिरवणूक काढायची हे त्याच्या डोक्यात कित्येक वर्षं होतं. त्या भाद्रपदात त्यानं सगळ्यात मोठा कागद घेतला, ओला केला आणि बसला. इतवारीतल्या अरुंद गल्लीत खाली माणसांचा नुसता लोंढा, रंगाच्या डागांचा. वर उचललेले हात. आभाळाच्या जागी कोरा कागद तसाच सोडलेला. आणि या सगळ्याच्या डोक्यावरून डुलत चाललेली काळी मारबत. काजळीचा काळा, त्यात निळा, त्यात जरा विटकरी. पण तोंड जमेना. फार गुळगुळीत दिसत होतं, दुकानातल्या बाहुलीसारखं. खऱ्या मारबतीचं तोंड पावसानं चुरगळलेल्या, खळ लावलेल्या कागदाचं असतं. मुकुंदानं बसल्या जागेवरून बायकोला हाक मारली.

“शामला, मीठ आण. खडा मीठ.”

ही जुनी युक्ती आहे. ओल्या रंगावर मिठाचे खडे टाकले, की प्रत्येक खडा आपल्याभोवतीचा रंग पिऊन घेतो आणि वाळल्यावर तिथं फिकट ठिपका उरतो. शामलानं बरणी आणून दिली, त्यानं चिमूट टाकली, कागद सपाट ठेवला आणि शाळेत गेला. पावसाळी ओल होती, कागद सावकाश वाळत राहिला. संध्याकाळी येऊन त्यानं मीठ झटकलं, तर मारबतीच्या दोन्ही गालांवर देवीचे वण उठले होते. एकदा ते वण दिसले, मग तुटकी डावी भुवई दिसली, पुढं आलेला खालचा ओठ दिसला, भांडायच्या आधी फुगतात तशा नाकपुड्या दिसल्या. त्यानं काही आईला समोर बसवलं नव्हतं. हाताला जे पाठ असतं तेच हात काढतो, त्याला आपण काय करणार.

आता त्याच्या आईबद्दल. भागीरथाबाई मूळची पारशिवनीकडची. पोरवयात तिला देवी आल्या, जीव वाचला, तोंडाची चाळण झाली. ज्याला एकदा देवी आल्या त्याला पुन्हा येत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे लग्न होऊन इतवारीच्या या गल्लीत आली आणि मुकुंद लहान असतानाच नवरा गेला, तेव्हापासून गल्लीला आयती बाई मिळाली. कोणाच्या घरी देवी निघाल्या, की आईबाप दाराबाहेर नि भागीरथा आत. कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालायचा, फोड पुसायचे, लेकराचे हात धरून ठेवायचे म्हणजे ते खाजवणार नाही. शेजारच्या भीमाबाईचा थोरला पोरगा तिनं असाच राखला. आणि काम संपवून ती बाहेर आली, की गल्लीतली दारं फटाफट लागत. आया पोरं ओढून आत घेत. ती नळावर अंगावरच्या लुगड्यासकट आंघोळ करायची आणि बंद दारांकडं पाहून एकेकाचा उद्धार करायची. जिभेला हाड नव्हतंच. दारामागून पोरं ओरडत, ‘मारबत आली, मारबत आली’. गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात ते खोटं नाही. पुढं देवी देशातून गेल्या, सरकारनं तसं जाहीर केलं, भागीरथेला कोणी बोलवेनासं झालं. नाव मात्र राहिलं.

मुकुंदानं ते नाव लहानपणापासून ऐकलेलं होतं. तो आपला खाली मान घालून घरात यायचा आणि पाटीवर चित्रं काढत बसायचा.

आणि आता हे चित्र. फाडून टाकावं, हा पहिला विचार. त्यानं कागदाला हात लावलाही, पण फाडवेना, कारण चित्र चांगलं झालं होतं. चांगलं म्हणजे, त्याच्या हातून आजवर जे काही झालं होतं ते सगळं याच्यापुढं फिकं होतं, आणि एवढं कळण्याइतका तो चित्रकार होता. त्यानं ते कपाटामागं सारलं. जेवून उठला आणि पुन्हा बाहेर काढलं. पुन्हा सारलं. दुसऱ्या दिवशी शाळेत आंब्याची पानं काढणाऱ्या पोरांवर विनाकारण खेकसला. चहा घ्यायचा विसरला, विसरला म्हणून शामलावर चिडला, आणि ओसरीवर आई खोकली की दचकू लागला. घरात बसवेना, बाहेर गेलं तर तिथं उभं राहवेना.

“तुमच्या पायाले भिंगरी लागली का?” शामलानं विचारलं.

त्यानं चित्र काढून दाखवलं. शामला पदरानं हात पुसत बराच वेळ पाहत राहिली.

“आत्याबाई होय नं या?” सासूला ती आत्याबाई म्हणायची.

“मी मुद्दाम नाही केलं.”

“मी कुठं म्हटलं मुद्दाम केलं म्हणून. त्यायले दाखवा. तुम्हीच दाखवा. दुसऱ्या कोणी दाखवलं तं जन्मभर तोंड दाखवायले जागा नाही राहणार.”

दाखवतो, म्हणाला. उद्या दाखवतो, म्हणाला. असं करता करता दसरा गेला.

अनंतरावांनी ते चित्र पाहिलं तो योगायोग नव्हता. त्यांना दुसऱ्याच्या कपाटामागं डोकवायची सवय होती. बँकेत नोकरी, संध्याकाळी कलामंडळाचे चिटणीस, आणि बोलताना दर तिसऱ्या वाक्याला ‘थीम’. दिवाळीनंतर सीताबर्डीवरच्या हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन होतं आणि मुंबईहून एक नामांकित समीक्षक येणार होते. मुकुंद हात धुऊन आला तोवर अनंतराव चित्र खिडकीशी धरून उभे होते.

“मास्तर, हे काय लपवून ठेवून राहिले तुम्ही? हे तं मेन वॉलवर जाईन. दाराच्या एकदम समोर.”

“हे नाही द्यायचं, अनंतराव.”

“काहून?”

ओसरीवर आई बसलेली. हळू बोलावं तर तिचे कान तिखट.

“थीम काय याची?” अनंतरावांनी वही काढली.

“मारबत.”

“ते तं दिसतेच. पण मागं काय आहे?”

“मागं काही नाही. मारबत आहे.”

“तुम्हा लोकायले आपलंच काम समजत नाही,” अनंतराव म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं: ‘समाजमनातील अमंगलाचे प्रतीक’. रविवारी सकाळी फ्रेमवाल्याकडं न्यायला येतो, असं सांगून ते गेले. मुकुंद नाही म्हणू शकला असता. नाही म्हणाला नाही, हेही सांगायला हवं. मेन वॉल हा शब्द त्याच्या कानात राहिला होता.

इथवर ठीक होतं. आई आजवर त्याच्या एकाही प्रदर्शनाला गेलेली नव्हती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, चित्रं तिला धूसर दिसायची, आणि कागदाला रंग लावून पोट भरतं यावर तिचा विश्वास नव्हता. पण श्रावणात तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि दिवाळीच्या आधी जाड भिंगाचा चष्मा आला. चष्मा आल्यापासून भागीरथाबाई सगळं नव्यानं पाहत होती. शामलानं पुसलेली फरशी, भीमाबाईच्या दातांतली फट, काही सुटत नव्हतं.

“मुकुंदा, यंदा मी येऊन राहिली तुया प्रदर्शनाले,” शनिवारी सकाळी ती म्हणाली. “भीमा सांगे, मारबत काढली म्हणते तू. अनंतरावानं सांगितलं तिले. आता डोळे आले तं पायतो तरी, लेक काय करते ते.”

“तिथं फार गर्दी असते माय. बसायले जागा नाही राहत.”

“मी काय बसायले येऊन राहिली का?”

“भाषणं राहतात. तुले कंटाळा येईन.”

“मले कंटाळा आला तं मी बोलीन मंग,” ती म्हणाली. आणि ती बोलेल हे त्याला माहीत होतं. “भीमा येईन, गल्लीतल्या दोघीतिघी येतीन. नारळ घेऊन येतो. पहिल्यांदा येऊन राहिली तं हात हलवत काय यायचं?”

म्हणजे एकटी आई नाही. गल्ली येणार होती. ज्यांनी तिला ते नाव दिलं त्याच बाया तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहणार, समोर तिच्या तोंडाची मारबत असणार आणि खाली तिच्या पोटच्या पोराची सही असणार. गल्ली निदान मागून म्हणत होती. यानं कागदावर लिहून दिल्यासारखं झालं. एवढी वर्षं जी बाई दारं लावून घेणाऱ्यांना पुरून उरली, ती या एका गोष्टीनं मोडेल, असं त्याला वाटलं, आणि मोडली तर ती आपल्या हातानं मोडेल.

रविवारी सकाळी आई नळावर गेली तसा त्यानं कागद काढला, खाली फळी घेतली, स्वच्छ पाणी, मऊ ब्रश, स्पंजाचा तुकडा. पाण्याचा रंग झाकता येत नाही, पण ओला करून थोडा उचलता येतो, थोडा पसरवता येतो. वण घालवायचे. नुसते वण गेले तरी तोंड कोणाचंही होईल. त्यानं उजव्या गालापासून सुरुवात केली. पाणी लावलं, थांबला, ब्रशनं कडेचा काळा हळूच आत ओढला. एकेक फिकट ठिपका भरत गेला. गाल गुळगुळीत झाला. आणि तो भाग मेला. डावीकडून आई पाहत होती, उजवीकडं दुकानातली बाहुली होती. तरी त्यानं ब्रश पुन्हा बुडवला, कारण अर्धं तोंड ठेवणं त्याहून वाईट.

“अरे, काय करून राहिले मास्तर?” अनंतराव दारात उभे. त्यांनी अक्षरशः झडप घालून फळी उचलली. “तुम्हाले सोडलं तं तुम्ही सगळ्याचा चिखल करसान. पुरे झालं. आता हात नाही लावायचा.”

“अनंतराव, द्या इकडं. ऐका माझं.”

“फ्रेमवाला दुकान उघडून बसला आहे माझ्यासाठी.”

तेवढ्यात भागीरथाबाई घागर घेऊन आत आली. चित्राची पाठ तिच्याकडं होती. “चहा घेऊन जा गा अनंतराव,” ती म्हणाली. अनंतराव चहा न घेताच ओला कागद आडवा धरून रिक्षात बसले, आणि मुकुंद हातात ब्रश घेऊन दारात उभा राहिला. आईसमोर काय ओरडणार होता तो?

प्रदर्शनाच्या दिवशी मुकुंद सगळ्यांच्या आधी जाऊन पोचला. मेन वॉल, दाराच्या समोर, काचेमागं. त्यानं ते काढून दुसरं लावता येईल का हे एका शिपायाला विचारून पाहिलं. शिपाई म्हणाला, साहेबांना विचारा. साहेब, म्हणजे अनंतराव, स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेले होते. मुकुंद दारापासून चित्रापर्यंत आणि चित्रापासून दारापर्यंत फेऱ्या घालत राहिला. एकदा त्याला वाटलं, आपणच निघून जावं. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलाही, पण खालून आईचा आवाज आला.

“जिना हाये का डोंगर होय गा हा?”

भागीरथाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. भीमाबाई नारळ घेऊन मागं, तिच्यामागं गल्लीतल्या आणखी बाया, सगळ्यांत शेवटी शामला. शामलानं नवऱ्याकडं पाहिलं. सांगितलं का, असं ती डोळ्यांनी विचारत होती. त्यानं मान खाली घातली.

त्या आत आल्या तेव्हा समीक्षकांचं भाषण ऐन रंगात होतं. गर्दीच्या मागं बायांना पुढचं काही दिसत नव्हतं. समीक्षक सांगत होते, की या चित्रकारानं मारबतीच्या चेहऱ्याचा एक गाल खडबडीत ठेवला आणि दुसरा जाणीवपूर्वक शांत, निर्मळ केला. रोग आणि आरोग्य, अमंगल आणि मंगल, एकाच चेहऱ्यावर. केवढा हा संयम. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुकुंदाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. भाषण संपलं, गर्दी चहाकडं सरकली, आणि भागीरथाबाईच्या समोर वाट मोकळी झाली.

ती जाऊन चित्रासमोर उभी राहिली. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

“बाप्पा,” भीमाबाई म्हणाली, “हे तं...” आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मागच्या बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. त्यांतल्या एकीला हसू आलं आणि तिनं ते गिळलं. कपबशांचा आवाज येत राहिला.

“मुकुंदा,” भागीरथाबाईनं हाक मारली. आवाज नेहमीचाच, हॉलभर जाणारा. “इकडे ये.”

तो गेला.

“हे मी होय नं?”

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. त्याच्या जिभेवर आलंही होतं. “होय, माय.”

“काळी का पिवळी?”

“काळी.”

“बराबर हाये. पिवळी मले कोणी म्हटलंच नाही.” ती आणखी जवळ गेली, काचेला नाक लागेल इतकी. “हा डावा गाल माहा हाये. हुबेहूब हाये. हा इकडचा कोणाचा होय?”

“तुयाच.”

“माया गालावरच्या देव्या कुठं गेल्या मंग?”

“मी पुसल्या. तू येऊन राहिली होती म्हणून.”

भागीरथाबाई त्याच्याकडं वळली. त्यानं तिला गल्लीभर शिव्या घालताना पाहिलं होतं, बापाच्या प्रेताजवळ रडताना पाहिलं होतं, पण हा चेहरा त्यानं पाहिलेला नव्हता. तिच्या चष्म्यामागं डोळे मोठे दिसत होते आणि ते भरून आले होते.

“म्हंजे मले मारबत करायची तुले लाज नाही वाटली,” ती म्हणाली. “देव्या दाखवायची वाटली. अरे, मारबत तं मले सारी गल्ली म्हणते. हे भीमा बी म्हणे, विचार तिले. ते मी कधी मनावर घेतलं नाही. पण या देव्या व्हत्या म्हणून मी कोणाच्या घरात जाऊ शकली. या देव्या व्हत्या म्हणून हिचा पोरगा जिवंत हाये. अन् तू नेमक्या त्याच पुसल्या. तुया बापानं बी कधी तोंड लपव म्हटलं नाही मले.”

तीन महिने तो ज्या गोष्टीला घाबरून सैरावैरा फिरला ती गोष्ट तिला लागलीच नव्हती. जी त्यानं तिला वाचवायला म्हणून केली, ती लागली होती. त्याला तिथंच तिचे पाय धरावेसे वाटले आणि इतक्या लोकांत ते धैर्य झालं नाही.

भीमाबाई खाली वाकली. तिनं हातातला नारळ चित्राखाली जमिनीवर ठेवला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतून मारबत निघते तेव्हा ठेवतात तसाच, आणि हात जोडले. कोणाला जोडले, चित्राला की शेजारी उभ्या असलेल्या बाईला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

“बरं,” भागीरथाबाई नाक ओढत म्हणाली, “नारळ ठेवलाच हाये तं रीतीनं करा.” तिनं कमरेवर हात ठेवला आणि चित्राकडं पाहून तोच आवाज काढला, ज्या आवाजासाठी तिला नावं ठेवत. “खोकला-पडसं, रोगराई...”

तिथं जमलेली माणसं शिकलेली होती, चहाचे कप हातात धरून कलेवर बोलत होती. पण ती नागपूरची होती. सगळा हॉल एका दमात म्हणाला, “घेऊन जा गे मारबत.” शिपाई म्हणाला, अनंतराव म्हणाले. मुंबईचे पाहुणे तेवढे इकडंतिकडं पाहू लागले.

“माया लेकाची झोप उडवणारी बला...”

“घेऊन जा गे मारबत.”

या वेळी मुकुंदाच्याही तोंडून ते गेलं. लहानपणापासूनची सवय, आधी जीभ हलली, मग कळलं. आईनं वळून त्याच्याकडं पाहिलं. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, अनंतराव समीक्षकांना लोकपरंपरा समजावून सांगत होते.

परतताना मायलेक एका सायकलरिक्षात बसले. शामला बायांबरोबर मागून येत होती. भागीरथाबाई चष्म्यातून रस्त्यावरचे दिवे, पाट्या, संत्र्यांचे ढीग बघत होती. बर्डीच्या पुलावर चढ लागला, रिक्षावाला उतरून रिक्षा ओढू लागला.

“सारे म्हणाले,” ती मध्येच बोलली. “तू बी म्हणाला.”

“तोंडातून निघून गेलं, माय.”

“निघू दे नं. रीतच हाये तशी.” तिनं चष्मा नाकावर सारखा केला. “पण मुकुंदा, साऱ्यायची मी घेऊन गेली. माही कोण नेईन गा?”

ती हे रडत म्हणाली नाही, की टोमणा मारूनही म्हणाली नाही. भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं. पूल उतरून रिक्षा वेगात निघाली.

घरी आल्यावर शामलानं शेगडी पेटवली आणि मिठाची तीच बरणी काढली. एवढ्या लोकांनी वाहवा केली होती, नवऱ्याची नजर काढायला हवी होती. मुठीत खडा मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या घेऊन ती त्याच्यासमोर आली. मुकुंदानं तिची मूठ उघडून सगळं आपल्या मुठीत घेतलं, ओसरीवर गेला आणि पाटावर बसलेल्या आईसमोर उकिडवा बसला.

“माही कशाले काढून राहिला, भैताडा? या तोंडाले कोण नजर लावीन?”

“बस माय. हलू नको.”

ती बसली. चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यानं मूठ तिच्या तोंडावरून फिरवायला सुरुवात केली, डाव्या गालावरून, उजव्या गालावरून. बायका नजर काढताना काय म्हणतात ते त्याला येत नव्हतं. त्याला एवढेच बोल येत होते.

“ईडा पीडा,” तो म्हणाला, “घेऊन जा गे...”

आणि अडला. पुढचं नाव तिचंच होतं.

भागीरथाबाईनं डोळे मिटलेलेच ठेवले. “थांबला काहून?” ती म्हणाली. “फिरव.”

त्यानं तोंड मिटलं आणि मूठ फिरवत राहिला.